३८४ चं भूत

मागच्या अंकात सहज एक ओळ टाकली होती की सामाजिक शास्त्रांत संशोधन करताना आकडे घेऊ की मुलाखती घेऊ या घोळात कुणी असेल तर लिहा, आणि पत्रांचा ढीगच आला. निम्म्याहून जास्त पत्रांत एकच आकडा होता, ३८४. म्हणून त्याच्यापासूनच सुरू करते. नावं कुणाचीच देत नाहीये, गाईड मंडळी पण हे मासिक वाचतात.

प्रश्न : मॅडम नमस्कार. मी बीड जिल्ह्यातली, समाजशास्त्रात पीएचडी करतेय, विषय ऊसतोड कामगार बायकांचं आरोग्य. माझे आईवडील पंधरा वर्षं कारखान्याला जायचे. मला मुलाखती घ्यायच्यात पण गाईड म्हणतात नमुना ३८४ घ्या, प्रश्नावली भरून घ्या, काय स्क्वेअर (chi-square) ही संख्याशास्त्रातली चाचणी लावा, नुसत्या मुलाखती घेतल्या तर कमिटी विचारते पुरावा कुठाय. हे ३८४ येतं कुठून आणि मी काय करू? अरे-तुरे केलंत तरी चालेल.

उत्तर : चल मग, अरे-तुरेच करते. आधी ३८४. एक सूत्र आहे. ९५ टक्के खात्री हवी म्हणून १.९६ घ्यायचे, त्याचा वर्ग करायचा, त्याला ०.५ गुणिले ०.५ ने गुणायचं (म्हणजे निम्मे लोक हो म्हणतील, निम्मे नाही, सगळ्यात अवघड परिस्थिती धरायची) आणि ५ टक्के इकडंतिकडं चालेल म्हणून ०.०५ च्या वर्गाने भागायचं. येतात ३८४.१६. बस, एवढंच आहे त्यात. १९७० साली क्रेजसी आणि मॉर्गन या दोघांनी याच हिशोबाचा एक तयार तक्ता छापला, त्यात १० लाख लोकसंख्येसमोर ३८४ लिहिलंय, तेव्हापासून लोकांनी सूत्र सोडलं आणि तक्ता धरला.

पण या हिशोबाची एक अट आहे जी प्रबंधात कुणी लिहीत नाही. सगळ्या लोकांची यादी हवी आणि त्यातून प्रत्येकाची निवड चिठ्ठी टाकल्यासारखी, एकमेकांशी संबंध नसताना झालेली हवी. तुझ्याकडे अशी यादी आहे का? आणि समजा तू एका टोळीत जाऊन एका दुपारी २० बायकांचे फॉर्म भरलेस, तर ती २० वेगळी उत्तरं नाहीतच, सगळ्यांचा मुकादम एक, पाण्याचा टँकर एक, जवळचा दवाखाना एक, म्हणून उत्तरंही सारखी येणार. मोठ्या सर्वेक्षणांत याचा हिशोब धरतात, गठ्ठ्याने नमुना घेतला की त्या प्रमाणात संख्या वाढवावी लागते, कधी दुप्पट. म्हणजे तुझ्या बाबतीत ३८४ चे ७६८ झाले तरी नवल नाही, आणि उलट १५ टोळ्यांऐवजी ४० टोळ्यांतून थोड्या थोड्या बायका घेतल्या तर कमीतही भागेल. हे गाईडना वहीत मांडून दाखव, भांडू नको.

आता खरी गोष्ट. तू मोजणार म्हणतेस, पण काय मोजणार? तुझ्याच लोकांचा शब्द घे, कोयता. कोयता म्हणजे एक माणूस नाही हे तुला सांगायला नको, नवरा-बायकोचं जोडपं मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून आगाऊ पैसे, घेतात ती जोडप्याच्या नावावर आणि बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. मग प्रश्नावलीत 'आपले मासिक उत्पन्न किती' हा रकाना असला की ती बाई काय सांगणार? महिना नाही, हंगाम आहे. तिचं वेगळं उत्पन्न नाही, अर्ध्या कोयत्याचं आहे. ती गोंधळून काहीतरी बोलेल, तू ५००० ते १०००० वर टिक करशील, आणि चार महिन्यांनी त्या टिकवर काय स्क्वेअर लागेल आणि निष्कर्षात 'सार्थ संबंध आढळला', म्हणजे हा नुसता योगायोग नाही, असं येईल. गणित बरोबर, पण ज्याचं गणित केलं ते जगात नाहीच. त्यापेक्षा विचार की यंदा उचल किती घेतली, फिटली का, किती खाडे पडले, खाड्याचे किती कापले. याची उत्तरं तिला तोंडपाठ असतात.

तसंच आजाराचं. 'गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया झाली आहे का' असं विचारलंस तर निम्म्या बायका तुझ्या तोंडाकडे बघतील. पिशवी काढली का असं विचार.

यावरून २०१९ आठवतं. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, सरकारी समितीने सर्वेक्षण केलं, ८२,३०९ बायकांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे शेकडा १७ च्या आसपास. त्याआधीच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सगळ्या महाराष्ट्राचं प्रमाण शेकडा ३ च्याही खाली होतं. (दोन्हीकडचे वयोगट अगदी सारखे नाहीत, त्यामुळे हे शेजारी ठेवताना तळटीप लागतेच, पण एवढी दरी नुसत्या वयाने पडत नाही.) आता बघ, हा आकडा नसता तर चार बायकांची रडकथा म्हणून फाईल बंद झाली असती. मुलाखतीवाल्यांनी हे विसरू नये. पण आकडा बोलतो तो एवढंच की इथं काहीतरी आहे. का आहे ते खाड्यात आहे, पाळीच्या दिवसांत पण मोळी उचलावी लागते त्यात आहे, फडात आडोसा नाही त्यात आहे, डॉक्टर म्हणाले ठेवली तर कॅन्सर होईल त्यात आहे, आणि 'लेकरं झाली, आता पिशवीचं काय काम' या एका वाक्यात आहे, ते वाक्य कुठल्या रकान्यात बसवणार तू?

म्हणून असं कर. लोक दसऱ्यानंतर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. आले की गावात आधी १२-१५ लांब मुलाखती घे, घाई नको. मुकादमाला किंवा त्याच्या पोराला सोबत नेऊ नको, गावातल्या आशा सेविकेला सांगून जा. त्या मुलाखतींतले शब्द घेऊन प्रश्नावली बनव, दहा जणींवर वापरून बघ, जे प्रश्न अडतात ते फेक. मग सर्वेक्षण कर, टोळ्या जास्त आणि टोळीमागे बायका कमी. आकडे आले की त्यातले जे कोड्यात टाकतात ते घेऊन चार-पाच जणींकडे परत जा. याला मिश्र पद्धती म्हणतात, कमिटीला हे नाव सांगितलं की तोंडं बंद होतात, नावाचा तेवढा उपयोग आहे.

दोन गोष्टी अजून. संमतीपत्रावर सही-अंगठा घेताना जपून. उचलीच्या कागदावर अंगठा देऊन वर्षानुवर्षं फिटत नाही हे पाहिलेली माणसं आहेत ती, तुझा कागद पण तसलाच वाटणार. तोंडी संमती रेकॉर्ड करण्याची परवानगी नैतिकता समितीकडून आधीच मागून ठेव. आणि दुसरं, तू त्यातलीच आहेस हा तुझा फायदाही आणि खड्डाही. बाई म्हणेल 'तुला माहितीये की गं सगळं' आणि तू मान हलवशील, झालं, रेकॉर्डिंगमध्ये काहीच नाही. तिथं म्हणायचं, मावशी मी लहान होते, मला नीट आठवत नाही, तू सांग.

प्रश्न : मी बीए, एमए मराठी माध्यमातून केलं, दहावीनंतर गणित सोडलं. पीएचडी प्रवेशाची पेट परीक्षा पास झाले पण कोर्सवर्कमध्ये संख्याशास्त्र आलं की पोटात गोळा येतो. गुणात्मक संशोधन, म्हणजे आकड्यांऐवजी मुलाखतींवरचं, घेतलं तर गणित टळेल ना?

उत्तर : गणित टाळायला गुणात्मक घेऊ नका, कारण ते सोपं नाही. एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दशः उतरवायला पाच-सहा तास जातात, अशा २० मुलाखती, मग ते चारशे-पाचशे पानांचं बाड पुन्हा पुन्हा वाचायचं, त्याला कोड (कुठलं वाक्य कशाबद्दल आहे त्याची छोटी नावं) द्यायचे, मोडायचे, परत द्यायचे. गणित बरं वाटेल त्यापुढे.

आणि लागणारं गणित आठवीचं आहे. गावात दहा घरं समजा, नऊ घरांना दोन-दोन एकर आणि पाटलाला ४०. सरासरी आली ५.८ एकर. असं एकही घर त्या गावात नाही. मधलं घर बघितलं, म्हणजे मध्यक, तर २ एकर. हे समजलं की वर्णनात्मक संख्याशास्त्र अर्धं समजलं, उरलेलं अर्धं म्हणजे लोक या मधल्या घरापासून किती लांब पसरलेत.

काय स्क्वेअरची भीती तर उगाच. समजा ग्रामसभेला १०० पुरुषांपैकी ५० गेले आणि १०० बायकांपैकी ३०. बाई-पुरुष असण्याचा काही फरकच पडत नसता तर दोन्हीकडून ४०-४० जायला हवे होते. आता चारही खणांत 'असायला हवे होते' आणि 'आहेत' यातला फरक १० चा. १० चा वर्ग १००, त्याला अपेक्षित संख्येने भागा. आलेले दोन खण, १०० भागिले ४०, अडीच आणि अडीच. न आलेले दोन खण, १०० भागिले ६०, पावणेदोनच्या जरा आत प्रत्येकी. बेरीज ८.३३. काय स्क्वेअरच्या तक्त्यात सीमा आहे ३.८४. पुढे गेलो, म्हणजे हा फरक नुसता योगायोगाने पडला असेल असं मानणं अवघड. हे एकदा हाताने केलं की मग खुशाल एक्सेलमध्ये करा, जामोवी किंवा जास्प वापरा, दोन्ही फुकट आहेत, महागड्या सॉफ्टवेअरची चोरलेली कॉपी लागत नाही. पण हाताने एकदा कराच. आणि फरक योगायोगाचा नाही म्हणजे फरक मोठा आहे असं नव्हे, नमुना लाखभर लोकांचा असला की शेंगदाण्याएवढा फरक पण सार्थ येतो.

प्रश्न : ताई, माझ्या गुगल फॉर्मला ११०० रिस्पॉन्स आलेत, विषय महाराष्ट्रातील तरुणांचा राजकारणाकडे पाहण्याचा दृष्टिकोन. ३८४ पेक्षा तिप्पट झालेत. आता तरी नमुना चांगला म्हणायचा ना?

उत्तर : अभिनंदन करावं की नाही कळेना. १९३६ साली अमेरिकेत लिटररी डायजेस्ट नावाच्या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी सुमारे एक कोटी लोकांना पत्रं पाठवली, वीस लाखांच्या वर उत्तरं आली, आणि त्यांनी छापलं की लँडन जिंकणार. रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यं घेऊन निवडून आले. पत्त्यांच्या याद्या बऱ्याच टेलिफोनवाल्यांच्या आणि मोटारवाल्यांच्या होत्या, मंदीच्या काळात टेलिफोन कुणाकडे असणार, आणि उत्तर पाठवायची तसदी पण चिडलेल्यांनीच जास्त घेतली. त्याच वेळी गॅलप नावाच्या माणसाने पन्नासेक हजारांच्या नमुन्यावर बरोबर सांगितलं होतं.

तुमचा फॉर्म कुठल्या कुठल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिरला ते आठवा. तुमच्या कॉलेजचा, स्पर्धा परीक्षावाल्यांचा, मित्राच्या मित्राच्या गावाचा. 'महाराष्ट्रातील तरुण' हे शीर्षक काढा आणि जे खरंच आहेत ते लिहा, उदाहरणार्थ पुण्यात एमपीएससीची तयारी करणारे तरुण. छोटं शीर्षक आणि खरं, काही बिघडत नाही. ११०० तले बहुतेक तेच निघतील बघा.

प्रश्न : मी पिंपळे सौदागरला राहते, आयटीत डेटा अॅनालिस्ट आहे, हौस म्हणून समाजशास्त्रात एमए करतेय. खरं सांगू का, गुणात्मक संशोधन म्हणजे गप्पा मारून लिहिलेलं वाटतं. आकडा म्हणजे कसं, वाद नाही.

उत्तर : तुम्ही कुठं राहता ते वाचून मी खुर्चीतून उठलेच. भारतातल्या पहिल्या गाव-पाहण्यांपैकी एक तुमच्या सोसायटीच्या खाली झालीये. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मान यांनी १९१७ साली पिंपळे सौदागरचा अभ्यास छापला, गावातली जमीन, कर्ज, पिकं, सगळं घरोघर मोजून. जुनी कागदपत्रं धरून त्यांनी दाखवलं की १७७१ साली सरासरी धारण (एकेकाकडची शेतजमीन) ४० एकर होती ती १९१४-१५ पर्यंत ७ एकरांवर आली. आकडे म्हणाल तर अगदी तुमच्या आवडीचे. पण हे मोजायला 'धारण' म्हणजे काय हे आधी ठरवावं लागलं असणार, एकाच खातेदाराचे पाच तुकडे पाच दिशांना असले तर काय धरायचं, भाऊ वाटणी न करता एकत्र कसत असतील तर खाती किती, आणि हे सातबारा वाचून कळत नाही, पारावर बसून कळतं.

आकड्यात वाद नाही म्हणता ना, मग माझी एक गोष्ट सांगते. नवी नवी होते, सर्वेक्षणाला गेले होते, अंगणात एक बाई तूर झोडपत होती, मागे शेळ्या, चुलीवर काहीतरी शिजतंय. विचारलं, तुम्ही काम करता का? म्हणाली, नाय बाई, घरीच असते. आणि मी गृहिणी लिहून पुढच्या घरी गेले! सरकारी श्रम सर्वेक्षणात यासाठी ९२ आणि ९३ असे दोन कोड आहेत, ९२ म्हणजे फक्त घरकाम, ९३ म्हणजे घरकाम आणि वर सरपण आणणं, शिवणकाम वगैरे घरासाठीच. दोन्ही कोडातल्या बायका श्रमशक्तीत मोजल्या जात नाहीत. मी ज्या बाईला गृहिणी केलं तिच्यासारख्या किती जणी दुसऱ्या कुणीतरी अशाच घाईत ९२ मध्ये टाकल्या असतील? मग २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात प्रश्नच बदलला, काम करता का असं न विचारता काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत काय काय केलं ते विचारलं. तेव्हा आलं की बिनपगारी घरकाम करणाऱ्या बायकांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं वेळ जातो आणि पुरुषांचा ९७. देश तोच आणि बायका त्याच, फक्त विचारायची रीत बदलली. ती रीत बदलायची अक्कल गप्पा मारूनच आली असणार की हो.

आणि इरावतीबाई कर्वे आठवा. बर्लिनला जाऊन कवट्या मोजून त्यांनी डॉक्टरेट मिळवली, कवटीच्या आकारावरून गोरे लोक श्रेष्ठ असं त्यांच्या गुरूचं मत होतं आणि बाईंची मोजमापं त्याला साथ देईनात, तसं त्यांनी लिहून दिलं. त्याच बाई पुढे वारीबरोबर पंढरपूरला चालत गेल्या आणि दिंडीत जेवायला कोण कुणाशेजारी बसतं ते त्यांनी टिपलं. मोजायचं कधी आणि चालायचं कधी हे त्यांना प्रश्न बघून कळायचं. तुम्ही तर मोजण्यात तयारच आहात, एकदा सोसायटीच्या गेटवर घरकामाच्या मावश्या सकाळी सातला जमतात तिथं पंधरा दिवस नुसत्या उभ्या राहा, लॅपटॉप घरी ठेवून.

प्रश्न : मुलाखती किती घ्यायच्या? गुणात्मकला पण ३८४ सारखा काही आकडा असेल तर सांगा, सिनॉप्सिसमध्ये (प्रबंधाच्या आराखड्यात) टाकायचाय.

उत्तर : आहे ना, भूत इकडं पण आलंय. २००६ साली तीन संशोधकांनी घाना आणि नायजेरियातल्या ६० मुलाखती तपासून लिहिलं की १२ झाल्यावर नवं फारसं काही निघत नव्हतं. झालं, सगळीकडे १२. त्या मुलाखती बऱ्यापैकी एकसारख्या बायकांच्या आणि एकाच ठरलेल्या प्रश्नांच्या होत्या हे कुणी वाचत नाही. तुमच्याकडे मालक, मजूर, मुकादम अशा तीन तऱ्हेच्या माणसांशी बोलायचं असेल तर प्रत्येकाचा वेगळा हिशोब. सिनॉप्सिसमध्ये '२० ते २५, नवं येणं थांबेपर्यंत' असं लिहा, आणि मुख्य म्हणजे मुलाखत घेतली की त्याच आठवड्यात उतरवून वाचा. सगळ्या घेऊन मग शेवटी वाचायला बसलात तर नवं येणं थांबलं कधी हे कळणार कसं?

प्रश्न : मॅडम घोटाळा झालाय. ३० मुलाखती टायपिंग सेंटरला देऊन टाइप करून घेतल्या, पैसे गेले, आता कोडिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात. शिवाय त्याने गावाकडची बोली शुद्ध करून टाकलीये.

उत्तर : पहिला घोटाळा सुटतो. सेंटरवाल्याने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलंय, श्रीलिपी किंवा कृतिदेव असणार. इंटरनेटवर त्याचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टर फुकट मिळतात, ते लावा, मग जोडाक्षरं आणि रफार एकदा डोळ्याने तपासा, तिथं हमखास मोडतं. नंतर टॅगेट किंवा क्वालकोडरमध्ये टाका, मराठी नीट दिसतं आणि दोन्हीला पैसे लागत नाहीत.

दुसरा घोटाळा जास्त वाईट. 'न्हाई जमलं बगा' चं 'मला ते शक्य झाले नाही' झालं असेल तर ते वाक्य आता त्या माणसाचं राहिलं नाही, टायपिस्टचं झालं. मूळ रेकॉर्डिंग आहेत ना? कानाला हेडफोन लावून सगळ्या ३० परत ऐका आणि जे जे उतारे वापरणार आहात निदान तेवढे तरी स्वतः बोलीत परत टाइप करा, फोनवर बोलून टाइप करू नका, तो पण शुद्ध करतो. आणि आजच्या आज रेकॉर्डिंगच्या दोन कॉप्या काढून एक दुसऱ्या घरी ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांची कर्नाटकातल्या रामपुरा गावावरची तयार टिपणं १९७० साली अमेरिकेत त्यांच्या ऑफिसला लावलेल्या आगीत जळाली, अठरा वर्षं घेऊन केलेली, आणि त्यांना ते पुस्तक बरंचसं आठवणीतून लिहावं लागलं. ते श्रीनिवास होते म्हणून जमलं, आपण मेमरी कार्ड घेऊन ठेवू.